नवे प्रशिक्षक, जुने खेळाडू

क्रीडाशिक्षकांची बदली झाली की मैदानावरचा संघही बदलतो. गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावाला हे नवे नाही. जुन्या सरांनी निवडलेली दोन-चार मुले मागे पडतात, नवी पुढे येतात. मोठ्या फुटबॉल क्लबांतही हेच घडते. यामागे दरवेळी आकसच असतो असे नाही. माणसाच्या मनाची ती एक सवयही आहे.

बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडीत वरच्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूंना, कामगिरी सारखी असली तरी, मैदानावर अधिक वेळ मिळत होता. ज्यावर पैसा आणि शब्द खर्च केला, ती निवड चुकली हे मान्य करणे जड जाते. नव्या प्रशिक्षकावर हे ओझे नसते. म्हणून तो कोऱ्या नजरेने पाहू शकतो. पण ‘हा माझा खेळाडू नाही’ म्हणून घाईने निकालही देऊ शकतो.

घाई न केल्याचा फायदा मुंबई सिटी क्लबने पाहिला आहे. बिपिन सिंग २०१८ मध्ये संघात आला, तेव्हा प्रशिक्षक जॉर्ज कोस्टा होते. पुढे आलेल्या सर्जिओ लोबेरा यांनी त्याला ठेवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी त्यानेच विजयी गोल केला. त्यानंतर आणखी दोन प्रशिक्षक बदलले. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यातील अंतिम सामन्यातही त्याने गोल नोंदवला.

आरोग्याच्या दृष्टीने खरा धोका वेगळाच आहे. मांडीमागचा स्नायू किंवा घोटा एकदा दुखावला की पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढते. कोणाला किती पळवायचे हे जुन्या प्रशिक्षकाला अनुभवाने ठाऊक असते; त्याच्याबरोबर ती माहितीही निघून जाते. त्यात नव्या प्रशिक्षकावर छाप पाडण्यासाठी मुले दुखणे लपवतात आणि सराव एकदम वाढतो. युरोपातील क्लबांवरील २०१९ च्या एका अभ्यासात, जिथे डॉक्टर व मुख्य प्रशिक्षक यांच्यात संवाद कमी, तिथे दुखापतींचे ओझे जास्त आढळले.

उपाय बिनखर्चाचा आहे. दवाखान्यात डॉक्टर बदलले तरी रुग्णाचा केसपेपर राहतो. तसा प्रत्येक खेळाडूचा असावा: साध्या वहीत जुनी दुखापत, तारीख, विश्रांतीचे दिवस, दमा वा फिट्ससारखा आजार. शिक्षकांनी जाताना ती वही पुढच्यांच्या हाती द्यावी. नव्या शिक्षकांनी पहिले काही आठवडे सर्वांना खेळवून पाहावे, सराव हळूहळू वाढवावा आणि एखाद्याला वगळताना कारण त्याला समोर बसवून सांगावे.

पालकांनीही लक्ष ठेवावे. संघातून वगळल्यावर मूल चार दिवस हिरमुसले तर ते स्वाभाविक आहे. मात्र झोप, भूक आणि अभ्यास दोन आठवड्यांनंतरही बिघडलेलाच असेल, तर सरकारी रुग्णालयात दाखवावे किंवा १४४१६ या मोफत टेली-मानस क्रमांकावर बोलावे. संघातली जागा पुढच्या वर्षीही मिळू शकते. मैदानाची गोडी एकदा गेली की परत आणणे अवघड असते.