अंगणातली फटफटी : घरच्या माणसांना जपा



सडक ओलांडताना आपण पोरांना बजावतो, "दोन्हीकडं बघ, मग जा." पण अंगणात, खळ्यात, गोठ्यापुढे किंवा पाणंदीत असे कोणी बजावत नाही. ती जागा आपली वाटते. तिथे पोर खेळते, आजी धान्य वाळत घालते आणि तिथेच मोटारसायकल नाहीतर स्कूटर भर्रकन आत येते. सडकेवर चालणारा माणूस सावध असतो, अंगणातला नसतो. धोका आहे तो इथेच.

अशा धडकेत गाडी घरची, चालवणारा घरचा आणि लागते तेही घरच्याच माणसाला. त्यामुळे पुष्कळदा बोभाटा होत नाही. आजीचे खुब्याचे हाड मोडते आणि 'पाय घसरून पडली' एवढ्यावर ते मिटते. शेजारच्या घराला त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

आता थोडा हिशेब करू. ताशी 30 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे 27 फूट जाते. पोर आडवे आलेले दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच आपले अंगण संपलेले असते! ताशी 10 किलोमीटर वेग असेल, तर त्याच सेकंदात गाडी 9 फूट जाते. शिवाय वेग तिप्पट झाला की धडकेचा जोर नऊपट होतो. त्यात दुधाचे 40 लिटरचे दोन कॅन लावले, की गाडी, माणूस आणि दूध मिळून वजन अडीच क्विंटलांच्या घरात जाते. अशी गाडी भुसभुशीत मुरुमावर किंवा ओल्या काळ्या मातीवर चटकन थांबत नाही, घसरते. कॅन दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, तेव्हा अरुंद पाणंदीत चालणाऱ्याला बाजूला व्हायलाही जागा उरत नाही.

चालणाऱ्याची बाजूही पाहा. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईला मान वळवून मागे बघता येत नाही. मळणी यंत्र चालू असले की हॉर्न ऐकू येत नाही. बॅटरीवरची स्कूटर तर आवाज न करताच जवळ येते. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला निघालेला माणूस अंधारात दिसत नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. गाडी फाटकाशीच उभी करा. आत न्यायचीच असेल, तर इंजिन बंद करून ढकलत न्या. फाटकात आडवी बल्ली लावली, की भरधाव आत येणारी गाडी आपोआप थांबते. वळणावरच्या कोपऱ्यात ऊस किंवा ज्वारी न लावता भुईमूग, हरभरा अशी बुटकी पिके घ्या. समोरून येणारा माणूस दुरून दिसेल. मळणीच्या दिवसांत खळ्यावर गाडी आणूच नका. रात्री शेतावर जाताना हातात बॅटरी असू द्या आणि गाडीचा दिवा बिघडला असेल, तर दुरुस्तीला उद्यावर टाकू नका.

भगिनींनो, किल्ली उंच खिळ्याला अडकवून ठेवा. "शेतातच तर फिरवतोय" म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हाती गाडी देऊ नका. सार्वजनिक ठिकाणी गियरची गाडी चालवायला वय 18 वर्षे पूर्ण लागते. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर 2019 साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी सडक नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग ती रहदारीची वाट असो वा नसो. म्हणून "गाडी गावातच फिरते" असे म्हणून विमा थकवू नका.

एवढे करूनही धडक झालीच, तर घाबरू नका. डोक्याला, मानेला किंवा कमरेला मार असेल, तर माणसाला उचलून बसवू नका, पडला तसाच राहू द्या. 108 क्रमांकाला फोन लावा. जखम वाहत असेल, तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. हळद, राख, माती लावू नका. मोडलेला पाय चोळू नका, ओढू नका. त्याला दोन्ही बाजूंनी कपडा गुंडाळलेल्या कामट्या बांधून हलू न देता दवाखान्यात न्या. दोघांच्या मधे बसवून मोटारसायकलवरून नेण्याचा मोह टाळा. डॉक्टरांनी पाहीपर्यंत चहा-पाणी देऊ नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल आठवणीने विचारा. डोक्याला लागल्यावर ओकारी झाली, गुंगी आली, बोलणे अडखळले किंवा आकडी आली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. त्या वेळी मूल वरवर ठीक दिसले, तरी पुढचा दिवसभर त्याच्यावर नजर ठेवा.

बैल उधळखोर निघाला तर आपण त्याला पोरांच्या जवळ बांधत नाही. दावे आखूड करतो, खुंटा लांब ठोकतो. मग दारातल्या फटफटीला मोकळी का सोडावी? आज संध्याकाळी घरच्या सगळ्यांना जवळ बसवा, गाडी कुठे थांबवायची ती जागा ठरवा आणि तिथे चुन्याची एक रेघ ओढा. रेघेच्या आत गाडी चालत येणार नाही, हा नियम घरातल्या कर्त्या माणसाने आधी पाळावा. पोरे आपोआप शिकतील.