वैमानिकाची पहिली नोकरी : छोट्या विमानकंपनीत जावे काय?

"मुलगा पायलट झाला" असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्यास वाटते, आता याचे भले झाले. प्रत्यक्षात लायसन्स हाती आल्यावरच खरा प्रश्न उभा राहतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबात हेच घडले. वडील एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. राहते घर बँकेकडे तारण ठेवून मुलाला वैमानिक केले. त्याला एका छोट्या विमानकंपनीचे पत्र आले. नातेवाईक म्हणू लागले, "एवढा पैसा ओतला तो काय पंख्याच्या विमानासाठी? थोडा थांब, मोठ्या कंपनीत लागशील." वडील आमच्याकडे विचारायला आले. आम्ही पडलो बँकेतील कारकून, विमानातील आम्हास काय कळणार! परंतु हिशेब मांडता येतो. त्या निमित्ताने जी माहिती आम्ही जमविली, ती आपल्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

छोटी विमानकंपनी म्हणजे काय?

मोठ्या शहरांना लहान शहरांशी जोडणारी सेवा म्हणजे प्रादेशिक विमानसेवा. आपल्या देशात १९८१ साली 'वायुदूत' याच हेतूने सुरू झाली. १९९३ साली तिचे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण करण्यात आले. १९९६ साली 'अलायन्स एअर' स्थापन झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली विमाने उडाली. त्यात शिमला-दिल्लीबरोबर आपल्या मराठवाड्यातील नांदेड-हैदराबाद हे विमानही होते. कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाची 'स्टार एअर' जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली.

या कंपन्यांची विमाने लहान असतात. एटीआर-७२ हे पंख्याचे विमान सुमारे ७० आसनांचे, तर एम्ब्रेअर-१४५ हे जेट ५० आसनांचे. मोठ्या कंपन्यांच्या एअरबस-३२० मध्ये साधारण १८० प्रवासी बसतात.

तासांचा हिशेब

वैमानिकाची खरी पुंजी म्हणजे त्याच्या लॉगबुकातील तास. आपल्याकडे कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, २०० तासांच्या उड्डाणावर मिळते. त्यावर सहवैमानिक होता येते. कॅप्टन व्हायचे तर एटीपीएल हे वरचे लायसन्स लागते. त्यासाठी एकूण किमान १५०० तास हवेत. शिवाय रात्रीच्या, उपकरणांच्या आधारे केलेल्या आणि मुख्य वैमानिकाच्या जबाबदारीने केलेल्या उड्डाणांचे ठरावीक तास हवेत.

म्हणजे २०० पासून १५०० पर्यंत जाण्यास १३०० तास हवेत. वर्षाला ६५० तास उडणे झाले तर हा एकूण आकडा दोन वर्षांत गाठला जातो. घरी बसून वाट पाहणाऱ्याचे तास मात्र २०० वरच थांबतात. उलट त्याचा खर्च चालू राहतो. तरुण वैमानिकाला दरवर्षी वैद्यकीय तपासणी करावी लागते. उपकरणांवर उडण्याचे रेटिंगही वर्षाला नवे करून घ्यावे लागते.

त्यात कर्जाची भर. समजा, कर्ज ३० लाखांचे आणि व्याज १० टक्के. सरळ व्याजाने धरले तरी वर्षाचे ३ लाख, महिन्याचे २५ हजार रुपये होतात. दोन वर्षे वाट पाहणे म्हणजे ६ लाख रुपये. हप्ते पुढे ढकलले म्हणून व्याज थांबत नाही, ही गोष्ट पालक नेहमी विसरतात.

लहान विमानावर काय शिकायला मिळते?

लहान मार्ग म्हणजे जास्त वेळा चढणे-उतरणे. तेच ६५० तास तासाभराच्या फेऱ्यांत केले तर ६५० वेळा विमान उतरते. अडीच तासांच्या फेऱ्यांत केले तर केवळ २६० वेळा. ही उतरणी दोन वैमानिकांत वाटली जाते हे खरे, पण प्रमाण तेच राहते. शिवाय धावपट्टी आखूड, सभोवती डोंगर, पावसाळ्यात ढग खाली आलेले आणि विमानतळावर साधने कमी, असा प्रसंग लहान गावी अधिक येतो. अशा वेळी निर्णय घेण्याची जी सवय लागते, ती पुढे कोणत्याही विमानावर उपयोगी पडते.

दुसरा लाभ बढतीचा. विमानकंपनीत सर्व काही सिनियॉरिटीवर चालते. मोठ्या कंपनीत पुढे शेकडो सहवैमानिक उभे असतात. लहान कंपनीत रांग लहान असते, त्यामुळे कॅप्टनची संधी लवकर येऊ शकते. कॅप्टन म्हणून केलेल्या तासांना पुढील नोकरीत वेगळेच वजन असते.

अमेरिकेत हा मार्ग पूर्वीपासून रुळलेला आहे. तेथे २००९ साली बफेलोजवळ एका प्रादेशिक विमानाला भीषण अपघात झाला. त्यानंतर कायदा होऊन २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणतः १५०० तासांची अट लागू झाली. तेथील पुष्कळ वैमानिक प्रशिक्षक म्हणून तास जमवितात, मग प्रादेशिक कंपनीत जातात आणि तेथून मोठ्या कंपनीत.

दुसरी बाजू

परंतु या वाटेवर खड्डेही आहेत, ते लपविणे योग्य नव्हे.

पहिली गोष्ट, कंपनी टिकेल काय? विजयवाड्याची 'एअर कोस्टा' २०१३ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली. नांदेडला विमान आणणारी 'ट्रूजेट' २०२२ साली थांबली. 'उडान'मध्ये मार्गाला मिळणारी सरकारी मदत साधारण तीन वर्षांची असते. मदत संपली की मार्गाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते.

दुसरी गोष्ट, टाइप रेटिंग. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. एटीआरचे रेटिंग एअरबसवर चालत नाही. पुन्हा लाखो रुपयांचा खर्च येतो. तिसरी गोष्ट, बॉण्ड. कंपनीने प्रशिक्षण दिले तर ती काही वर्षांचा करार लिहून घेते. शिवाय २०१७ च्या नियमाने सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस ठरविली. आणि नव्या कंपनीत गेल्यावर सिनियॉरिटी सामान्यतः तळापासून सुरू होते.

सही करण्यापूर्वी

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार? बॉण्ड किती वर्षांचा, किती रकमेचा आणि कंपनीच बंद पडली तर त्याचे काय? महिन्याला किमान किती तास उडायला मिळतील? पगार वेळेवर होतो काय? हे तेथील दोन-तीन सहवैमानिकांनाच विचारावे. कॅप्टन होण्यास प्रत्यक्षात किती वर्षे लागतात? मोठ्या कंपनीच्याच लहान विमानांवर जागा मिळत असेल तर त्याच कंपनीत पुढे जेटवर जाता येते काय?

विद्यार्थ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएल अभ्यासक्रमाचा समावेश राहिलेला आहे. घर तारण ठेवण्यापूर्वी तिच्या चालू अटी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचाराव्यात. त्या वाहक गृहस्थांना हे कोणी वेळेवर सांगितले नाही.

आमचे मत असे की, हातात मोठ्या कंपनीचे पत्र असेल तर प्रश्नच नाही. पण एका हाती छोट्या कंपनीचे पत्र आणि दुसऱ्या हाती नुसती आशा असेल, तर कागद नीट वाचून, कंपनीची प्रकृती पाहून छोटी नोकरी घ्यावी. उडणारा वैमानिक दरमहा पुढे सरकतो. बसलेल्या वैमानिकाचे फक्त व्याज वाढते.

त्या मुलाने दोन वेळा करार वाचला, बॉण्डच्या एका कलमाचा खुलासा लेखी मागून घेतला आणि मग सही केली. आज तो पंख्याच्याच विमानावर आहे. हप्ता दरमहा जमा होतो. घर अजून तारणच आहे, पण वडिलांना आता रात्री झोप लागते.