जुन्या गाडीत रिव्हर्स कॅमेरा बसवताना

भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेऱ्याची सक्ती त्या नियमात नव्हती. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना कॅमेराच लागतो. जुन्या गाडीला मात्र तो बाहेरून बसवून घ्यावा लागतो.

कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा पुरवठा रिव्हर्स लाइटच्या वायरवरून घेतात, म्हणजे रिव्हर्स गिअर पडला की तो आपोआप सुरू होतो. चित्र नेणारी पिवळ्या पिनची केबल दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून डॅशबोर्डपर्यंत येते. तिच्या जोडीला बहुधा एक बारीक लाल वायर असते आणि घाईत नेमकी तीच विसरली जाते. ती दोन्ही टोकांना जोडली नाही, तर कॅमेरा चालू असूनही स्टिरिओचा पडदा गाण्यांची यादीच दाखवत बसतो.

खरं कौशल्य डिकीच्या बिजागरीपाशी. तिथे केबल मूळ वायरिंगच्या रबरी नळीतूनच ओवून घ्यावी, मेकॅनिकने कितीही कुरकुर केली तरी. बाहेरून सोडलेली केबल दर उघडझापीला चिमटते, पाणीही आत येतं. पत्र्याला छिद्र पाडलंच तर कडेला रंग लावायला सांगा. कोकणातल्या पावसाला गंज चढवायला तेवढी फट पुरते.

चित्र आरशासारखं, डावं-उजवं उलटलेलं दिसायला हवं. अनेक कॅमेऱ्यांत त्यासाठी वायरचा छोटा फास असतो. तो कापला की चित्राची बाजू बदलते. आणि बहुतेक ‘वायरलेस’ कॅमेऱ्यांनाही विजेची वायर लागतेच, हे दुकानदार क्वचितच सांगतो.