नर्मदेचा गाळ अडतो कोठे?

पहिला जोराचा पाऊस झाला की जबलपूर शहरातून वाहणारा ओमती नाला गढूळ होतो. त्या पाण्यात रस्त्यांवरील धूळ, बांधकामांची माती आणि शहरातील कचरा असतो. याच नर्मदा खोऱ्यातील शेतांमधून त्याच वेळी काळी सुपीक मातीही वाहत असते. परंतु ही सर्व माती समुद्रापर्यंत पोहोचत नाही. मानवी हस्तक्षेपाने तिची वाटच बदलली आहे.

अमरकंटक ते खंभातचे आखात असा १,३१२ कि.मी.चा प्रवास करणाऱ्या नर्मदेवर जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे. पुढे इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही धरणे आहेत. जलाशयात पाण्याचा वेग मंदावतो व गाळ तळाशी बसतो. सरदार सरोवराच्या खालील गरुडेश्वर येथील मोजणीवर आधारलेल्या अभ्यासांत धरणांनंतर समुद्राकडे जाणाऱ्या गाळात मोठी घट आढळली आहे. परिणामी जलाशयांची साठवणक्षमता घटते. दुसरीकडे, धरणाखालील गाळविरहित पाणी पात्र व काठ खरवडू लागते. वाळूच्या उपशाने ही झीज आणखी वाढते.

जबलपूर परिसरातील शेतकऱ्यांकडे माती अडविण्याची जुनी रीत होती. तिला ‘हवेली’ म्हणतात. काळ्या जमिनीला उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी साठवले जाई. ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून ओलीवर गहू वा हरभरा पेरला जाई. यामुळे गाळ शेतातच राही आणि तणांचाही बंदोबस्त होई. पुढे खरिपात सोयाबीन आल्यावर पाणी साठविण्याऐवजी निचऱ्याला महत्त्व आले. शेतकऱ्याला एक जादा पीक मिळाले. मात्र बांध मोडलेल्या, उताराच्या दिशेने पेरलेल्या शेतातून माती वाहून जाण्याचा धोका वाढला.

हवेलीकडे सरसकट परतणे व्यवहार्य नाही. तिच्यातील तत्त्व मात्र आजच्या पीकपद्धतीत आणता येते. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, बांधावर वाळ्याची लागवड आणि निचऱ्याच्या तोंडाशी शेततळे यांमुळे जादा पाणी निघून जाते, माती मात्र मागे राहते.

अडलेला गाळ पुन्हा शेतात नेण्याचा मार्गही उपलब्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतील गाळ शेतांवर पसरविला जातो. येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एक दक्षता घ्यावी : गाळाचे व जमिनीचे परीक्षण आधी करून घ्यावे. हलक्या, मुरमाड जमिनीत गाळाने ओलावा टिकतो. आधीच चिकण असलेल्या भारी जमिनीत तोच गाळ निचरा बिघडवू शकतो. शहरी नाल्याचा गाळ तर तपासणीविना शेतात टाकूच नये.

गाळ काढण्यास यंत्र, इंधन आणि वाहतूक लागते. तीच माती बांधाच्या आत राखणे शेतकऱ्याला केव्हाही स्वस्त पडते.