हायवेच्या निळ्या पाटीवर नसलेलं जेवण

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांचे आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत येतायत आणि ज्यांनी शिकागोहून आयोवा-विस्कॉन्सिनकडे गाडी काढायचं ठरवलंय.

माझे मागच्या जूनमध्ये आले. आई शाकाहारी, बाबा बीफ सोडून सगळं खातात. पहिले दोन दिवस आम्ही प्रत्येक एक्झिटला तेच खाल्लं. फ्राइज, नाहीतर पावात घातलेला पाला. दुसऱ्या रात्री मोटेलमध्ये आईने बॅगेतल्या दशम्या काढल्या आणि म्हणाली, "एवढा मोठा देश, आणि यांच्याकडे जेवण नाही का रे?" मला खरंच लाज वाटली. कारण जेवण होतं, मला शोधता येत नव्हतं.

एक्झिटच्या आधी हॉटेलांचे लोगो असलेली निळी पाटी दिसते ना, ती शिफारस नसते. तिथे लोगो लावायला पैसे भरावे लागतात, शिवाय किती वेळ उघडं असावं याच्या अटी असतात. पहाटे सहाला उघडून दुपारी दोनला बंद होणारं गावातलं कॅफे त्या भानगडीत पडत नाही.

फोनचंही तेच. गूगल स्वतः सांगतं की जवळपासचे निकाल तीन गोष्टींवर ठरतात: तुम्ही काय शोधलंत, जागा किती लांब आहे आणि ती किती प्रसिद्ध आहे. एक्झिटवर उभं राहून नुसतं 'रेस्टॉरंट' टाकलं की चेनच वर येणार. मी दिवसभर सर्चचा कोड लिहितो आणि हे माझ्या डोक्यात यायला दोन दिवस लागले, बोला!

मग तिसऱ्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या. आधी जागा. नकाशा सरकवून काउंटीच्या मुख्य गावावर नेला. आपलं तालुक्याचं गाव समजा. आयोवात अशा 99 काउंट्या आहेत. बऱ्याच ठिकाणी मधोमध कोर्टाची जुनी इमारत, भोवती चौक, आणि तिथेच कारकून, वकील, शेतकरी दुपारी जेवतात.

नंतर शब्द. 'रेस्टॉरंट' नाही, तिथला पदार्थ टाका. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी 'फिश फ्राय', एरवी 'सपर क्लब'. आयोवात 'टेंडरलॉइन', म्हणजे डुकराच्या मांसाचा चपटा करून तळलेला तुकडा, पावाच्या चारही बाजूंनी बाहेर आलेला. तिथली डुक्करपालकांची संघटना दरवर्षी सगळ्यात चांगल्या टेंडरलॉइनला बक्षीस देते, त्यामुळे विजेत्यांची यादी हीच आयती गाइड. स्टॉर्म लेकसारख्या मांस कारखान्यांच्या गावात मात्र 'टाकेरिया' शोधा. कामगार मेक्सिकोहून आले, लाओसहून आले, सोबत आपलं जेवण घेऊन आले.

आणि बॉलटाउन विसरू नका. वस्ती शंभरसुद्धा नाही, जवळून इंटरस्टेट जात नाही, पण तिथलं 'ब्राइटबाख्स' 1852 पासून चालू आहे. 2007 आणि 2008 मध्ये दोनदा जळालं, लोकांच्या मदतीने पुन्हा उभं राहिलं, 2009 मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला.

वेळेचं मात्र नकाशावर विसंबू नका, फोन करा. रविवार संध्याकाळ आणि सोमवार हमखास दगा देतात. फेसबुक पेजवर आजचा मेनू बऱ्याचदा मिळतो.

शाकाहारींनो, 'मांस नको' एवढं पुरत नाही. शेंगांच्या भाजीत बेकन असतं, बीन्समध्ये आणि पायच्या कवचात डुकराची चरबी असू शकते. स्पष्ट विचारा. फेअरफिल्डला जाणार असाल तर सोपं आहे, महर्षी महेश योगींचं विद्यापीठ 1974 पासून तिथे आहे, शाकाहारी जेवण सहज मिळतं.

तर तिसऱ्या दिवशी दीड वाजता आम्ही चौकातल्या एका कॅफेत शिरलो. सगळ्या टोप्या आमच्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू, मला धडधडलं. पण आजीच्या वयाची वाढपी बाई आली, आईला 'हनी' म्हणाली (आई अजून विचारते, का म्हणाली?), मी पायबद्दल विचारलं तर आत जाऊन खात्री करून आली. कवचात चरबी होती. मग बाबांना तिने पाय दिला आणि आईला शिजवलेल्या नुसत्या रूबार्बची वाटी, वर आइस्क्रीम.

आईने एक चमचा खाल्ला, थांबली.

"अरे, ही तर आपली अंबाडी!"