पद कोणतें म्हणावें, भाषण कोणतें करावें?



दिवाळीची सुटी संपून शाळांतील स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले, कीं आमच्या मेहकरच्या घराच्या पायरीवर एक ठराविक प्रश्न येऊन बसतो. कधीं कोणी विद्यार्थी असतो, कधीं हौशी नाटकमंडळींतील तरुण असतो, कधीं एखादी आई मुलीचा हात धरून येते. प्रश्न मात्र एकच : "गुरुजी, नाटकाच्या निवडीला कोणतं पद म्हणू? आणि भाषण कोणतं करू?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर, गवईहि नव्हे आणि नटहि नव्हे. पेटीवर बोटें फिरवितां येतात आणि नोकरीच्या सर्व वर्षांत मुलांचीं नाटकें बसविलीं, एवढेंच माझें भांडवल. पण ह्या प्रश्नाचें उत्तर मीं एकदां फार चुकीचें दिलें होतें, आणि त्या चुकीची आठवण अजून बोंचते. म्हणूनच आज ह्या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें.

हकीकत अशी. एका गांवच्या हौशी मंडळींनीं 'संगीत सौभद्र' बसवावयाचें ठरविलें होतें आणि नारदाच्या भूमिकेसाठीं त्यांना गाणारा मुलगा हवा होता. माझ्या वर्गांत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. गळा गोड, सुराला पक्का. मीं त्याला 'स्वयंवर' नाटकांतील रुक्मिणीचें यमन रागांतलें पद शिकविलें. कां? तर आमच्या घरीं वडिलांच्या ग्रामोफोनवर बालगंधर्वांच्या तबकड्या लागत असत, आणि तें पद लहानपणापासून माझ्या कानांत घर करून बसलें होतें. नारदाच्या जागेसाठीं रुक्मिणीचें पद, ही विसंगतीहि मला त्या वेळीं खटकली नाहीं. तीन महिने मीं त्याच्याकडून हरकत न् हरकत घोटवून घेतली. ह्याच तीन महिन्यांत मुलाचा आवाज फुटूं लागला होता. तें त्याच्या आईला कळलें, वर्गांतील मुलांना कळलें. मला मात्र ऐकूं आलें नाहीं. निवडीच्या दिवशीं तार षड्जावर त्याचा गळा चिरला. परीक्षक सज्जन होते. ते म्हणाले, "बाळ, दुसरं एखादं साधंसं पद म्हण." मुलगा माझ्याकडे पाहूं लागला. दुसरें पद मीं त्याला शिकविलेंच नव्हतें. तो खालीं मान घालून बाहेर गेला, आणि त्यानंतर चारचौघांत कधीं गायला नाहीं. तें पद मीं माझ्या कानासाठीं निवडलें होतें. त्याच्या गळ्याचा विचार मीं केला नव्हता.

तेव्हां मुळापासून सुरुवात करूं. नाटकांतील पद म्हणजे काय? १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं जीं नाटकें सुरू केलीं, त्यांत पद्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. तो गाई आणि पात्रें त्याला अनुसरून अभिनय करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पद पात्राच्या स्वतःच्या मुखीं आलें. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणी, कीर्तनांतील व कर्नाटकाकडील चाली, असें लोकांच्या ओळखीचें धन त्यांनीं घेतलें आणि तें शकुंतलेच्या व दुष्यंताच्या तोंडीं घातलें. त्या दिवसापासून नाटकांतील पद हें संभाषणाचाच एक भाग झालें. बोलून भागत नाहीं तेथें पात्र गाऊं लागतें.

ह्याचें उत्तम उदाहरण १८८२ च्या 'सौभद्रां'त आहे. रात्र सरून उषःकाल होत आहे असें श्रीकृष्ण रुक्मिणीला सांगतो, तें पद देसकार रागांत म्हटलें जातें. स्वर भूपाचेच पांच. पण भूपाचा भर गांधारावर, देसकाराचा धैवतावर, आणि त्याची वेळ सकाळची. म्हणजे शब्द सांगतात तेंच स्वरहि सांगतात. हें पद म्हणणाऱ्यानें देसकाराचा विस्तार कितीहि केला, पण शेजारीं रुक्मिणी आहे आणि बाहेर उजाडत आहे हें त्याच्या डोळ्यांत दिसलें नाहीं, तर परीक्षक त्याला मैफलींत बसवील, नाटकांत घेणार नाहीं. म्हणून पद निवडतांना तीन प्रश्न विचारावे : कोण म्हणतो? कोणाला म्हणतो? आणि आतांच कां म्हणतो? तिन्हींचीं उत्तरें उमेदवाराला एकेका वाक्यांत देतां आलीं नाहींत, तर तें पद बाजूस ठेवावें. ही झाली पहिली कसोटी.

दुसरी कसोटी गळ्याची. नाटकांतील नामांकित पदें बहुधा एकेका गळ्याच्या मापानें शिवलेलीं आहेत. १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या चाली भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्यालगायकानें दिल्या आणि त्या बालगंधर्वांच्या कंठांतून लोकांपर्यंत आल्या. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजात घुसली' १९६७ सालीं आलें; त्यांतील खांसाहेबांचीं पदें जितेंद्र अभिषेकींच्या चालींवर वसंतराव देशपांड्यांनीं गाइलीं. वसंतराव आमच्या वऱ्हाडांतले, मूर्तिजापूरचे. त्यामुळें इकडच्या मुलांना तीं पदें म्हणण्याची हौस फार. पण ज्या ताना त्यांच्या गळ्यांत सहज येत, त्या पाठ करून म्हणणारा मुलगा परीक्षकाला वसंतरावांची आठवण करून देतो, एवढेंच. स्वतःची ओळख करून देत नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. एकाचें गाणें लडिवाळ, दुसऱ्याचें तडफदार. तरी तो प्रयोग आजवर लोकांच्या बोलण्यांत राहिला, कारण दोघेहि आपापल्या गळ्यानें गाइले.

पट्टी ठरविण्याची घरगुती रीत अशी आहे. गळा थोडा तापल्यावर पेटीजवळ बसावें. पदांतील सर्वांत वरचा स्वर लागोपाठ तीन वेळां, मान न ताणतां, लागतो कीं नाहीं तें पाहावें. तिसऱ्या वेळीं भुंवया वर चढल्या, कीं पट्टी अर्ध्या स्वरानें खालीं आणावी. मग सर्वांत खालचा स्वरहि तपासावा. तो नुसता पुटपुटल्यासारखा होत असेल तर तें पद आपलें नव्हे. 'मोठे गवई काळी एकमध्यें गातात' किंवा 'मुलींची पट्टी काळी चारच' असल्या ऐकीव गोष्टींवर भरंवसा ठेवूं नये. मुलींना आणखी एक सांगणें आहे. पूर्वीं स्त्रीभूमिका पुरुष करीत असत. रुक्मिणी-भामिनीचीं जीं पदें जुन्या तबकड्यांवर ऐकूं येतात, त्यांची पट्टी पुरुषाच्या गळ्याची आहे. तबकडीबरोबर गाऊन गाऊन तीच पट्टी धरली, तर मुलीचा आवाज दबून राहतो, आणि दोष मात्र तिच्या तयारीला लागतो.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांविषयीं विशेष सावध असावें. ह्या वयांत स्वरयंत्र वाढतें, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज जवळ जवळ एक सप्तक खालीं उतरतो. हा आजार नव्हे आणि मुलाचा अपराध तर मुळींच नव्हे. पण ह्या काळांत कालचा स्वर आज लागेलच अशी खात्री नसते. अशा मुलाला पांच-सहा स्वरांत फिरणारी साकी किंवा दिंडी द्यावी, निवडीच्या आठ दिवस आधीं पट्टी पुन्हां तपासावी, आणि दुसरें सोपें पद नेहमीं तयार ठेवावें. हें शेवटचें वाक्य मी फार महागांत शिकलों आहें.

तिसरी कसोटी शब्दांची. आणि येथें आमच्या बुलढाणा जिल्ह्याशीं जोडलेलें एक मोठें नांव घेतलेंच पाहिजे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) ह्यांनीं खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली केली, आणि वकिली करतां करतां नाटकें लिहिलीं. १८९६ च्या 'वीरतनया'पासून त्यांनीं पारशी रंगभूमीच्या वळणाच्या चाली मराठी पदांस दिल्या. साकी-दिंडीस सरावलेल्या कानांना ती मोठी नवलाई होती. राम गणेश गडकऱ्यांसारखा नाटककार त्यांना गुरु मानीत असे. पण त्यांच्या पदांतील शब्दरचना क्लिष्ट आहे, असा आक्षेपहि त्यांच्यावर आला. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात, आणि उमेदवारानें दोन्हींपासून शिकावें असें वाटतें. चाल मोहक असली, म्हणजे गाणाऱ्याचें शब्दांकडे लक्ष राहत नाहीं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पेटी उघडण्यापूर्वीं पद गद्यासारखें मोठ्यानें बोलावयास लावतों. अन्वय लावतां आला पाहिजे, समास सोडवितां आला पाहिजे, आणि कोणत्या शब्दावर थांबावयाचें तें ठरलें पाहिजे. जें पद नीट बोलतां येत नाहीं तें नाटकांत गातां येणार नाहीं.

वेळेविषयीं थोडक्यांत सांगतों. पूर्वीं एकेका पदाला 'वन्स मोअर' पडत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. निवडीच्या खोलींत दोन-तीन मिनिटेंच मिळतात. ध्रुपद आणि एक अंतरा पुरे. पदाला लागून येणारें एक-दोन वाक्यांचें गद्य आधीं बोलावें आणि त्यांतूनच स्वरांत शिरावें. ह्या एका सांध्यावर जाणत्या परीक्षकाची परीक्षा अर्धी पुरी होते. पेटीवाल्याला पट्टी आणि तबलजीला ताल व लय आंत जाण्यापूर्वींच सांगून ठेवावी.

आतां भाषणाकडे वळूं. येथें मुलांची धांव सर्वांत मोठ्या भूमिकेकडे असते. वि. वा. शिरवाडकरांचें 'नटसम्राट' १९७० सालीं आलें. तेव्हांपासून सोळा वर्षांचे गणपतराव बेलवलकर मीं किती पाहिले, त्याची गणती नाहीं. तसेच 'एकच प्याल्यां'तील सुधाकर. मुलगा झोंकांड्या खातो, ओरडतो, आणि दारूचा घोटहि न पाहिलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहून परीक्षकाला हंसूं आवरत नाहीं. वयाला आणि अनुभवाला झेपेल तेंच दुःख उसनें घ्यावें. आणखी एक गोष्ट. 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, पण त्यापूर्वींच, त्याच वर्षाच्या जानेवारींत, गडकरी वारले होते. नाटकाचीं पदें वि. सी. गुर्जरांनीं लिहिलीं. गद्य एकाचें, पद्य दुसऱ्याचें. म्हणून सिंधूचें भाषण आणि तिचें पद जोडून म्हणावयाचें असेल, तर दोहोंची बोली एका मुखांतून आल्यासारखी वाटावी, एवढा अभ्यास आधीं करावा.

लहान वयाच्या उमेदवारांसाठीं माझी पसंती नाट्यछटेला आहे. दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१), हे पुण्यांतील शाळामास्तर. इंग्रज कवि ब्राउनिंग ह्याच्या नाट्यमय स्वगतांपासून स्फूर्ति घेऊन त्यांनीं १९११ पासून हा प्रकार मराठींत आणला, आणि ५१ नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटेंत बोलणारा एकच असतो. समोरचीं माणसें दिसत नाहींत, त्यांचें बोलणें ह्याच्या उत्तरावरून ओळखावयाचें असतें. म्हणून ती नुसती पाठ करून भागत नाहीं. न ऐकूं येणारें वाक्य ऐकावें लागतें, त्यासाठीं क्षणभर थांबावें लागतें, आणि मग उत्तर द्यावें लागतें. रंगभूमीवर ऐकतां येणें हें बोलण्याइतकेंच महत्त्वाचें असतें, आणि तें नाट्यछटेंत लगेच उघडें पडतें.

पद आणि भाषण ह्यांची जोडी लावतांना एकच रस दोनदां वाढूं नये. पद करुण असेल तर भाषण हलकेंफुलकें असावें. पद शृंगाराचें असेल तर भाषणांत एखादा खोंचक म्हातारा किंवा भांडखोर शेजारीण चालेल. परीक्षकाला पांच मिनिटांत दोन निरनिराळीं माणसें भेटलीं, म्हणजे उमेदवाराचा आवांका त्याच्या ध्यानांत येतो.

शेवटीं त्या मुलाविषयीं. मध्यंतरीं चिखलीच्या बसस्थानकावर एका गृहस्थांनीं वांकून नमस्कार केला. केस पिकलेले, पण मीं ओळखलें. ते म्हणाले, "गुरुजी, मुलीला संगीत नाटकात घ्यायचं म्हणतात. तुमच्याकडे पाठवू का?" मला काय वाटलें तें शब्दांत सांगतां येत नाहीं. मुलगी आली. मीं पेटी उघडली नाहीं. तिला आधीं बोलूं दिलें, मग तिच्याच आवडीचीं चार पदें म्हणावयास सांगितलीं, आणि त्यांतून एक साधी दिंडी तिनेंच निवडली. जवळ दुसरें पदहि तयार ठेवलें होतें. तें लागलें नाहीं. नायिकेची भूमिका तिला मिळाली नाहीं, सखीची मिळाली. प्रयोगाला तिचे वडील पहिल्या रांगेंत बसले होते, आणि तिच्या पदाच्या वेळीं त्यांचे ओंठ हलत असलेले मीं पाहिले.

तेव्हां घरोघरच्या आईबापांना आणि माझ्यासारख्या मास्तरांना एवढीच विनंति, कीं मुलाच्या निवडीसाठीं पद ठरवितांना आपली आवड क्षणभर बाजूस ठेवावी आणि त्याचा आजचा आवाज ऐकावा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.