शिक्षा अपराधाची की मोटारीच्या किमतीची?

भर रस्त्यावर मोटारींच्या शर्यती लावणाऱ्यांना आवर घालण्यासाठी न्यूझीलंडने २००९ साली कठोर कायदा केला. चार वर्षांत तिसऱ्यांदा असा गुन्हा करणाऱ्याची मोटार जप्त करून चिरडून टाकण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. २०१२ मध्ये पहिली मोटार प्रत्यक्ष चिरडली गेली. पादचाऱ्यांच्या जिवाशी खेळणाऱ्यास शासन हवेच. धनिकाला ठराविक दंड हौसेचे मोल वाटते, हेही खरे.

परंतु जप्तीचा हिशेब विपरीत आहे. एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने धावणाऱ्या दोघांपैकी जुनाट मोटारवाल्याचे थोडक्यात निभावते. कर्ज काढून शक्तिशाली इंजिनाची गाडी घेणाऱ्याची सारी पुंजी जाते. अपराध समान, शिक्षा मात्र बाजारभावाने!

अमेरिकेत अमली पदार्थांच्या एका खटल्यात कमाल दंड १० हजार डॉलर असताना सुमारे ४२ हजारांची मोटार जप्तीत सापडली. त्या प्रकरणी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी दंडाविरुद्धचे घटनात्मक संरक्षण राज्यांवरही बंधनकारक ठरविले.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अशी मोटार १४ दिवस अडकवून ठेवतात आणि चालकाचा परवाना ३० दिवस निलंबित करतात. ही कारवाई दोषसिद्धीपूर्वीच होते, हा तिचा दोष. पण दिवसांची मोजणी गाडीची किंमत पाहत नाही. कायमची जप्ती करावयाचीच, तर ती वारंवार अपराध सिद्ध झाल्यावर आणि अपराध व किंमत यांचे प्रमाण न्यायालयाने तोलल्यावरच व्हावी. धोका चालकाच्या बेफिकिरीत असतो, लोखंडात नव्हे.